गाडी बघायला जायची फी

हळदीची पट्टी हातात पडली की हिंगोलीत ट्रॅक्टरचे हप्ते फिटतात, बोअर घेतले जातात, लग्नं ठरतात. यंदा त्यात एक नवा खर्च दिसला. वसमतकडचा एक तरुण मोबाइलवर फोटो घेऊन आमच्याकडे आला. लाल रंग, दोन दारं, टप गायब, बॉनेट काचेच्या बाजूने वर उचलून पुढे कलंडलेलं. 'ट्रायम्फ स्पोर्ट्‌स' म्हणून सौदा चालला होता.

"मिस्तरीला दाखवली का रे?"

"दाखवली की. त्यांनीच तर मालक गाठून दिला."

मिस्तरीने मालक गाठून दिला म्हणजे मिस्तरीचा कट ठरलेला आहे. हा अग्रलेख त्या कटाबद्दल आहे. पण आधी गाडी बघू. खरं सांगायचं तर फोटो पाहून आम्हीही दोन मिनिटं कट विसरलो होतो.

ती स्टँडर्ड हेराल्ड होती. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्‌सने १९६१ पासून ही गाडी बांधली. इंजिन ९४८ सीसीचं, घाट इटलीच्या मिकेलोत्तीचा. त्या काळात बहुतेक गाड्यांची बॉडी आणि चासी एकजीव होऊ लागली होती. हेराल्डने मात्र वेगळी चासी ठेवली आणि वर बॉडीचे तुकडे बोल्टने बसवले. इंग्लंडमध्ये याच बांधणीवरून ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर ही खरी स्पोर्ट्‌स कार काढली. त्यामुळे विकणारा अगदीच खोटं बोलत नव्हता. पुतण्याला काकाच्या नावाने खपवत होता एवढंच. आणि हेराल्डचा टपही बोल्टवरच असतो. पाना घेऊन बसलं की एका दुपारी निघतो आणि चारचौघांसारखी सेडान 'स्पोर्ट्‌स' होते.

अशी गाडी पहिल्यांदाच घेणारा माणूस रंग बघतो, सेल्फ मारतो, हॉर्न वाजवतो. आपलं मिस्तऱ्यांचं काम खाली आहे. चासीच्या मुख्य दांड्यांना बाहेरच्या बाजूने ज्या आडव्या फांद्या जोडलेल्या असतात, त्या आधी सडतात. वरून काळा रंग मारलेला असला तर स्क्रू ड्रायव्हरची मूठ ठोकत जा. आवाज बद्द झाला की तिथे पत्रा संपला आहे. मग दार उचलून बघा. दाराची फट वर एक, खाली एक असेल तर चासी बसली आहे, आणि ती पुट्टीने उठत नाही.

दुसरी तपासणी फुकटची आहे. एकाला क्लच दाबायला बसवा आणि तुम्ही क्रँकची पुली बघा. पुली पुढे-मागे डोळ्याला दिसेल एवढी सरकली, तर थ्रस्ट वॉशर झिजलेत. ते गळून ऑइल पॅनमध्ये पडले की क्रँक थेट ब्लॉकला घासतो, आणि या इंजिनाचा ब्लॉक हिंगोलीत काय, नांदेडातही दुकानात मिळायचा नाही.

तिसरी गोष्ट आपल्याच लोकांच्या हातून बिघडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हेराल्डच्या पुढच्या चाकाजवळ खाली पितळी ट्रनियन असतो. त्यात उभा लिंक आट्यांवर फिरतो. स्टिअरिंग वळवलं की तो आट्यांतूनच वळतो. तिथे ९० नंबरचं गिअर ऑइल लागतं. आपण काय करतो? निपल दिसलं की ग्रीस पंप लावतो. नांगराला लावतो, ट्रॉलीला लावतो, तसाच इथेही. ग्रीस वाळून घट्ट बसतं, आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी मात्र पोचतं. एक दिवस वळणावर लिंक आट्यातून तुटतो आणि चाक आत दुमडतं. कळमनुरीच्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगात हे झालं तर पुढचं लिहायला नको. म्हणून गाडी बघताना निपलमध्ये काय आहे ते बोटावर घेऊन बघा. ऑइल निघालं तर आधीचा मिस्तरी जाणता होता, आणि उरलेल्या गाडीवरही थोडा विश्वास ठेवायला हरकत नाही.

पेट्रोलचंही गिऱ्हाइकाला आधी सांगा. २००० साली देशभर पेट्रोलमधलं शिसं गेलं. या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट त्या शिशाच्या भरवशावर होत्या. हेड उतरलंच तर कडक सीट बसवून घ्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल आहे. जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा यांना ते सोसत नाही, आणि गाडी महिनोन्‌महिने गोठ्याशेजारी उभी राहिली तर इथेनॉल पाणी ओढून घेतं.

कागदांत तर टपाचा हिशेब चुकता करावाच लागतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळू शकतो. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर. रोज मोंढ्यात न्यायला नाही. आणि अट अशी की चासी, बॉडी, इंजिन मूळ रूपात हवं. टप उतरवलेली किंवा डिझेल इंजिन घातलेली गाडी या अटीत कशी बसवणार? साध्या नोंदणीवर ठेवायची तर आरसी बुकातला चासी नंबर पत्र्यावर ठोकलेल्या नंबराशी जुळवा, आणि जुनी नोंद संगणकात चढली आहे का ते आरटीओत जाऊन बघा. हे सौद्याआधी करायचं. बयाणा दिल्यावर गिऱ्हाइकाला अक्षरं दिसत नाहीत.

त्या मुलाला आम्ही पद्मिनी सुचवली. कुर्ल्याच्या कारखान्यात ती इतकी वर्षं निघाली आणि मुंबईच्या टॅक्सीत २०२३ पर्यंत चालली, त्यामुळे सामान अजून शोधता येतं आणि हात बसलेले मिस्तरी हयात आहेत. त्याने तोंड वाकडं केलं. पद्मिनीत वडील, आजोबा बसलेत. त्याला त्यांच्यासारखं बसायचं नाही. त्याचंही खरं आहे.

आता कट. विकणाऱ्याकडून पाच-दहा हजार घेतले की आपलं तोंड बांधलं जातं. ट्रनियनमध्ये ग्रीस दिसलं तरी आपण "चालतंय" म्हणतो. सहा महिन्यांनी तीच गाडी आपल्याच दारात उभी राहते, सामान मिळत नाही, मालक रोज फोन करतो, गॅरेजची एक जागा वर्षभर अडते आणि त्या जागेवर ऐन हंगामात चार ट्रॅक्टर झाले असते. कट कधीच विरघळलेला असतो. त्यापेक्षा घेणाऱ्याकडून हजार-दीड हजार रुपये तपासणी फी घ्या, गाडी घेतली तरी आणि नाही घेतली तरी. गिऱ्हाईक कुरकुरेल. "नुसतं बघायचे पैसे?" असं विचारेल. डॉक्टरही नुसतं बघायचेच घेतो, हे त्याला शांतपणे सांगता येतं.

शेवटच्या पानावर तपासणीचा कोरा कागद छापला आहे. फाडून झेरॉक्स काढा. चासी, पुली, ट्रनियन, पाइप, नंबर असे रकाने आहेत, खाली मिस्तरीच्या सहीला जागा आहे. फीचा रकाना मुद्दाम सगळ्यात वर घेतला आहे.