चाकांवरचें बिऱ्हाड

मागील अंकांत जुन्या पोथ्या वाळवीपासून कशा जपाव्या याविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर एका वाचकभगिनीनें विचारलें आहे कीं, "जपावें हें खरें, परंतु एखादी वस्तु जपण्याच्या पलीकडे गेली आहे हें ओळखावें कसें?" प्रश्न मार्मिक आहे. योगायोग असा कीं, तो हातीं पडला तेव्हां मी स्वतःच त्या पेंचांत सांपडलों होतों. मात्र येथें वस्तु पोथी नव्हती; पन्नास वर्षांची एक मोटारगाडी होती, आणि तिच्या पायीं एका सुखी घरांत दोन दिवस अबोला धरला गेला होता.

यंदाचा उन्हाळा आम्हीं उभयतांनीं अमेरिकेंत, मिशिगन राज्यांत मुलाच्या घरीं काढला. त्याच राज्यांतील पाँटिअॅक येथल्या जी. एम. सी. या कारखानदारांनीं 1973 ते 1978 या काळांत 'मोटारहोम' नांवाची एक गाडी काढली होती. मोटारहोम म्हणजे चाकांवरचें बिऱ्हाड. पुढें चालकाची जागा, तिच्यामागें बैठक, ओटा, गॅसची शेगडी, फ्रिज, न्हाणीघर आणि निजावयाची सोय, असें सर्व एकाच छपराखालीं. या जातीच्या गाड्या एकंदर सुमारें 13 हजारच निघाल्या. इंजिनाची शक्ति पुढच्या चाकांना दिलेली असल्यामुळें मागच्या चाकांकडे जाणारा दांडा तळाखालीं नाहीं. म्हणून गाडीची जमीन रस्त्यापासून अगदीं खालीं ठेवतां आली. मागें प्रत्येक बाजूस एकापुढें एक अशीं दोन दोन चाकें असून तीं हवेच्या फुग्यावर तोललेलीं असतात. अशा गाड्या आवडीनें राखणारीं माणसें तिकडे आजहि आहेत.

मुलाच्या घरापासून चार घरें पुढें एक वृद्ध विधवा बाई राहतात. त्यांच्या यजमानांची 1976 सालची, 26 फूट लांबीची अशी एक गाडी आहे. यजमान 2009 सालीं आजारी पडले तेव्हांपासून ती परसांत एका मेपल वृक्षाखालीं ताडपत्री पांघरून उभी. बाई मुलाला म्हणाल्या, "जो ही पुन्हां रस्त्यावर आणील त्याला तीन हजार डॉलरांत देईन. भंगारवाल्याला द्यावयाचें मनांत नाहीं."

मुलगा हरखून गेला. मुलांना घेऊन पर्वत पाहावे, सरोवरांच्या कांठीं मुक्काम करावे, असे त्याचे बेत त्याच रात्रीं सुरू झाले. सूनबाईनें एवढेंच विचारलें, "यंदा घराच्या छपराचें काम करावयाचें होतें ना?" त्या कामासाठीं उभयतांनीं तीन वर्षें पोटाला चिमटा घेऊन अठरा हजार डॉलर शिलकींत टाकले होते. बेडरूमच्या छतावर ओलीचा डाग मीहि पाहिला होता. या एका प्रश्नानंतर घरांत बोलणें थांबलें. तिसऱ्या दिवशीं मुलगा मला म्हणाला, "बाबा, तुम्हींच काय तें सांगा." मीं म्हटलें, "मला इंजिनांतलें कांहीं कळत नाहीं. जीर्ण वस्तूंतलें थोडें कळतें. आधीं गाडी पाहूं. मग घेण्या-न घेण्याचें बोलूं."

अशा गाड्यांवर आयुष्य घालविलेला एक वृद्ध मेकॅनिक मुलानें बोलाविला. मला वाटलें होतें, तो प्रथम इंजिन पाहील. त्यानें इंजिनाकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं. तो शिडी लावून छपरावर चढला. "इंजिन बदलतां येतें," तो म्हणाला, "पाणी कोठून शिरलें आहे तें आधीं पाहिलें पाहिजे."

हें ऐकून मला आमचें गुहागर तालुक्यांतील वडिलार्जित घर आठवलें. वडील होते तोंवर दर वैशाखांत घर शाकारलें जात असे. कौलें उतरवून झाडावयाचीं, फुटकीं बदलावयाचीं, कुजकी रीप काढून टाकावयाची. वडील गेले आणि आम्ही तिघे बंधु तीन शहरांत पांगलों. एका वर्षीं शाकारणी राहिली, मग दुसऱ्या वर्षींहि राहिली. एका फुटक्या कौलांतून पाणी वाशांत उतरलें, ओल्या वाशाला वाळवी लागली आणि पांच पावसाळ्यांत आढें वांकलें. घर असो वा गाडी, मोठ्या नाशाचा आरंभ लहानशा फटींतून होतो.

खांब पुरतांना तो पुन्हां पुन्हां हलवून घट्ट बसला कीं नाहीं हें पाहतात. त्यावरून आमच्या शास्त्रांत स्थूणानिखननन्याय सांगितला आहे. मेकॅनिकनें तोच न्याय चालविला. या गाडीचा सांगाडा अॅल्युमिनियमचा आणि वरचें कवच अॅल्युमिनियम व फायबरग्लासचें असल्यामुळें तें गंजत नाहीं. परंतु खालची चौकट पोलादाची आणि जमीन प्लायवुडची. मिशिगनमध्यें हिवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि मीठ पोलादाला खातें. म्हणून तो गाडीखालीं उताणा निजून स्क्रू-ड्रायव्हरच्या टोंकानें चौकट टोंचीत गेला. टोंक कोठेंहि आंत शिरलें नाहीं. गंज वरवरचा होता. आंत मात्र न्हाणीघरापाशीं व एका खिडकीखालीं जमीन पायाला मऊ लागली. तेथें प्लायवुड कुजलें होतें.

उंदरांनीं बैठकींत घरटीं केलीं होतीं आणि विजेच्या कांहीं तारा कुरतडल्या होत्या. मुलगा केरसुणी आणावयास निघाला, तेव्हां मेकॅनिकनें त्याला अडविलें. उंदरांची घाण कोरडी झाडूं नये. तिची धूळ श्वासांतून आंत गेल्यास हंटा विषाणूचा घातक रोग होण्याचा संभव असतो. दारें-खिडक्या उघडून वारा खेळूं द्यावा, हातमोजे व मुखपट्टी घालावी, घाण जंतुनाशकानें भिजवावी आणि मगच पुसून काढावी. आमच्या माळ्यांवरील अडगळ काढतांनाहि हा नियम पाळणें हितावह होय.

टायरांची नक्षी नव्यासारखी दिसत होती. पण त्यांच्या कडेवर चार आंकडे होते, '2306', म्हणजे 2006 सालचा तेविसावा आठवडा. रबर वयानें मरतें, झिजेनेंच मरतें असें नाहीं. सहाहि टायर बाद. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषतें आणि नळ्या आंतून गंजतात, म्हणून ब्रेकचें काम इंजिनाच्याहि आधीं; जी गाडी थांबवितां येत नाहीं ती चालूं करूं नये. सोळा वर्षांचें पेट्रोल डिंकासारखें झालें होतें. इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या हल्लींच्या अल्कोहोलमिश्रित पेट्रोलानें चिरतात, आणि तापलेल्या इंजिनावर गळती झाली तर गाडी पेटते. गॅसच्या नळ्या तपासल्याविना शेगडी लावणें म्हणजे जीवाशीं खेळ.

इंजिनाची पाळी सर्वांत शेवटीं आली. तें साडेसात लिटर घनफळाचें, ओल्ड्समोबिल कंपनीचें. मेकॅनिकनें स्पार्क-प्लग काढून आंत तेल सोडलें, चार दिवस मुरूं दिलें, आणि मग बॅटरी न लावतां पान्यानें हळूहळू फिरवून पाहिलें. तें फिरलें. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलें, हें मीं पाहिलें.

आयुर्वेदांत चिकित्सेपूर्वीं रोगाचे प्रकार ठरवावयास सांगितलें आहे : सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य. सुखसाध्य म्हणजे सहज बरा होणारा, कृच्छ्रसाध्य म्हणजे कष्टानें बरा होणारा. याप्य तो, जो बरा होत नाहीं पण उपचारानें आंवरून धरतां येतो, जसें पडूं पाहणारें घर टेकूनें धरतात. या दृष्टीनें गाडीचें इंजिन सुखसाध्य ठरलें. जमीन, ब्रेक व तारा कृच्छ्रसाध्य. जुना फ्रिज याप्य. चौकट कुजली असती तर गाडी असाध्य म्हणावी लागली असती. तशी ती नव्हती. रोगी वांचणारा होता.

मग सूनबाईनें कागद घेऊन त्यावर दोन रकाने पाडले. एकांत जिवाच्या सुरक्षिततेसाठीं अपरिहार्य तें, दुसऱ्यांत सोयीचें व शोभेचें. मेकॅनिकच्या मजुरीसह पहिल्या रकान्याचीच बेरीज सतरा हजार डॉलर झाली. म्हणजे तीन हजारांची गाडी वीस हजारांना पडणार, आणि तीहि फाटक्या बैठकींसह. तशाच जातीच्या चालू गाड्यांच्या किंमती पाहिल्या, तर थोड्याच अधिक रकमेंत चालू गाडी मिळत होती. जीर्णोद्धारांत घातलेला पैसा विकतांना परत येत नाहीं, हें मेकॅनिकनें आधींच बजावलें होतें. शिवाय ही गाडी लिटरला साडेतीन ते चार किलोमीटरच धांवते.

मुलगा म्हणाला, "बाबा, सगळा हिशेब मांडून माणूस कधीं कांहीं करतो का? तसें पाहिलें तर कोणी सतारहि शिकणार नाहीं." त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. पैशाचा तोटा सोसूनहि करावीं अशीं कामें असतात. म्हणून मीं पैशाचा विषय बाजूस ठेवला आणि वैद्यकांतलाच दुसरा विचार त्यापुढें मांडला. चिकित्सेचे पाय चार : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. चारहि असतील तरच गुण येतो. येथें रोगी साध्य आहे. औषध, म्हणजे सुटे भाग, आवडीनें या गाड्या राखणाऱ्यांमुळें मिळतात. वैद्य समोर बसला आहे. परिचारक कोण? दर आठवड्याला तिच्या उशाशीं बसणारा, पाऊस झाला कीं खिडकीखालीं हात फिरवून पाहणारा कोण?

मुलानें मोजून पाहिलें. नोकरी आठवड्याचे पांच दिवस. शनिवार-रविवार मुलांचे वर्ग व घरचीं कामें. वर्षाची रजा तीन आठवडे, त्यांतील दोन भारतभेटीस. गाडी उभी करावयास छप्पर नाहीं, आणि हिवाळ्याचे चार-पांच महिने उघड्यावर काम होणें नाहीं. बराच वेळ तो कागदाकडे पाहत राहिला. शेवटीं म्हणाला, "मी घेतली, तर ती त्यांच्या परसांतून आमच्या परसांत येईल, एवढेंच." यावर आम्हीं कोणीच कांहीं बोललों नाहीं.

बाईंना नकार कळवावयास तो स्वतः गेला, आणि तेवढ्यावर थांबला नाहीं. अशा गाड्या राखणाऱ्यांच्या एका मंडळास त्यानें कळविलें, गाडीचे गुणदोष न लपवितां लिहून पाठविले. गाडीचा मालकी-कागद अद्याप दिवंगत यजमानांच्या नांवें होता. तो बाईंच्या नांवें करून घेण्यासाठीं तीन खेपा घातल्या. पुढें शेजारच्या ओहायओ राज्यांतून एक निवृत्त वायरमन आला. त्याच्यापाशीं याच जातीची एक चालू गाडी आणि मोठी पत्र्याची शेड होती. बाईंनीं त्याला किंमत विचारली नाहीं, अनुभव विचारला नाहीं. "हिवाळ्यांत ही कोठें ठेवाल?" एवढेंच विचारलें. तो म्हणाला, "छपराखालीं." बाईंनीं सही केली. गाडी मालमोटारीवर चढवितांना दोऱ्या आंवळावयास मुलगा होता. घराच्या छपराचें काम पुढच्या आठवड्यांत सुरू झालें. चार दिवस तो उदास होता, हेंहि सांगितलें पाहिजे.

आतां वाचकभगिनीच्या प्रश्नाचें उत्तर. वस्तु जपण्यापलीकडे गेली कीं नाहीं, हें केवळ वस्तूकडे पाहून कळत नाहीं. प्रथम तिचीं हाडें पाहावीं, पाणी कोठें शिरलें तें पाहावें. हाडें शाबूत असतील तर परिचारक शोधावा. तो आपल्या घरांत असेल तर खर्चाला भिऊं नये. नसेल, आणि दुसऱ्याच्या घरांत असेल, तर वस्तु त्याला देणें हेंहि जपणेंच होय. जुन्या ताम्रपटांत दानापेक्षां पालनाचें पुण्य अधिक म्हटलें आहे. पालन आपल्याच हातून झालें पाहिजे असा हट्ट मात्र पुष्कळदां वस्तूच्या मुळावर येतो.

हें लिहितांना लेखणी थोडी अडखळली. गुहागरच्या आमच्या घरासाठीं आम्ही तिघे बंधु दरवर्षीं पैसे पाठवितों आणि दरवर्षीं एक भिंत खचते. गांवीं राहणाऱ्या आमच्या चुलत बंधूनें दोनदां विचारलें होतें, "घर मला द्या, मी त्यांत राहीन, वेळच्या वेळीं शाकारीन." दोन्ही वेळां आम्हीं उत्तर धाडलें कीं, वडिलार्जित वास्तु देतां येत नाहीं. त्या बाईंनीं एका प्रश्नांत जें ओळखलें, तें ओळखावयास मला पंधरा वर्षें लागलीं. परत आल्यावर पहिलें काम म्हणून दोघां बंधूंस पत्रें लिहिलीं आहेत. उत्तरें अद्याप यावयाचीं आहेत.