शनिवारचा फुटबॉल

अमेरिकेतला फुटबॉल पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात, हे एव्हाना घरच्यांनाही पाठ झालंय. कॉलेजांच्या मॅचेस शनिवारी. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये तर लाखाहून जास्त माणसं बसतात! मलाही याचं वेड होतं. हल्ली मात्र मन उतरत चाललंय.

पोरांना पैसे मिळायला लागले आणि खेळ बिघडला, असं इथे बरेच जण म्हणतात. मला नाही पटत. कोच वर्षाला लाखो डॉलर्स घेत होतेच की! मग २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, तर बिघडलं कुठे? खरा घोळ टीव्हीच्या पैशाने घातला. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड चक्क 'अटलांटिक कोस्ट' लीगमध्ये गेलं. शेजाऱ्याशी चुरस, हीच तर गंमत होती...

असो. तेही चालवून घेतलं असतं. सोसवत नाही ते वेगळंच. २०१७ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी दान केलेले मेंदू तपासले. कॉलेजपर्यंतच खेळलेल्या ५३ जणांपैकी ४८ जणांत सीटीई हा मेंदूचा आजार सापडला. दान करणाऱ्या बऱ्याच घरांना आधीच शंका असणार, त्यामुळे प्रत्येक खेळाडूला तो होतोच असं नाही. तरी दोन हेल्मेटं एकमेकांवर आदळल्याचा आवाज आला की आता टाळीसाठी हात उठत नाहीत. शिकायला आलेली विशीतली पोरं ती!

यंदा तिकीट काढणार नाही. तुम्हाला काय वाटतं?