क्रोम नंतर, आधी ब्रेक उघडा!

मामाची १९८९ सालची आरएक्स १०० माझ्याकडे आली तेव्हा मी सगळ्यात आधी काय केलं? सायलेन्सरला नवं क्रोम, सीटला नवं कव्हर आणि एक रील. ब्रेक? लागत होते की! म्हणजे, गल्लीत लागत होते. पहिल्याच रविवारी सासवडहून येताना दिवे घाटाच्या उतारावर पुढे एक टेम्पो रांगत होता. पुढचा लिव्हर दाबला तर तो थेट मुठीला टेकला आणि गाडी आपली चाललीच. घाबरून मागचा ब्रेक करकचून दाबला, चाक लॉक होऊन घसरलं. टेम्पोच्या डावीकडच्या मातीत घुसून कसाबसा थांबलो. मागे बसलेला मित्र एक शब्दही न बोलता उतरला आणि उरलेला रस्ता त्याने एसटीने काढला.

ज्याला सांगितलं त्याने एकच सल्ला दिला, ‘भावा, पुढे डिस्क टाक.’ मला तो तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही.

ड्रम ब्रेक इतका बिचारा नसतो. केबल ओढली की आतला कॅम फिरतो आणि दोन शू ड्रमला आतून घासतात. गंमत अशी की त्यातला एक शू फिरणाऱ्या ड्रमबरोबर स्वतःच आणखी ओढला जातो, म्हणजे बोटांच्या ताकदीपेक्षा जास्त जोर फुकटात मिळतो. दुसऱ्याला मात्र ड्रम परत ढकलतो. राजदूत ३५० च्या पुढच्या ७ इंची ड्रममध्ये दोन्ही शू ओढले जातील अशी रचना होती. (जपानी आरडी ३५० ला डिस्क होती, आपल्याकडे ड्रम आला, हे तिचे भक्त अजून विसरलेले नाहीत.) फक्त चढावर गाडी मागे सरकायला लागली की चाक उलटं फिरतं आणि हाच ब्रेक ढिला पडतो.

मग माझं काय चुकलं? ड्रम उघडल्यावर कळलं. लायनर काचेसारखे गुळगुळीत, केबल आतून गंजलेली, कॅमला ग्रीसचा पत्ता नाही. दोष ड्रमचा शून्य, सगळा माझा. नवे शू, नवी केबल, कॅमला बोटभर ग्रीस, झालं. शिवाय एक फुकटची गोष्ट, जी घाईत राहून जाते: एक्सलचा नट शेवटी आवळताना ब्रेक दाबून धरायचा, म्हणजे शू ड्रमच्या बरोबर मध्यावर बसतात. आणि हो, आतली धूळ तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा.

डिस्कला माझा विरोध नाही. फोर्कसकट नीट बसवली तर उत्तमच. पण कुठून तरी काढलेला कॅलिपर जुन्या बारीक फोर्कला वेल्डिंग करून लटकवलेला मी पाहिलाय. त्या गाडीवर मी बसणार नाही.

ड्रमच्या मर्यादा आहेतच. तापला की तो फुगून शूपासून लांब जातो, लिव्हर पोकळ लागतो. आत पाणी शिरलं की सुरुवातीला ब्रेक जवळजवळ नसतोच. त्यात टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग जेमतेम, त्यामुळे घाटात सगळा भार ब्रेकवर. तिथे खालचा गिअर आणि कमी वेग, याला पर्याय नाही.

आणि ते ‘पुढचा ब्रेक दाबू नको, पडशील’ आता पुरे राव! ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, गाडी थांबवायचं जास्त काम तेच करतं. पुढचा ब्रेक एकदम नाही, हळूहळू वाढवत दाबायचा. मोकळ्या मैदानात सवय करा. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. जुन्या गाडीवर ते काम आपल्या बोटांनाच करायचंय.

गेल्या महिन्यात पुन्हा दिवे घाट उतरलो. मागे तोच मित्र, ‘किती हळू चालवतोस’ म्हणून कुरकुरत. टाकीचा रंग अजून तसाच उडालेला आहे.