गुलामाची गोष्ट आणि बालवाचक

बालसाहित्याची निवड करताना आपल्याकडे 'संस्कार' आणि 'वयोमान' हे दोन निकष प्रामुख्याने लावले जातात. गुलामगिरी आणि वर्णद्वेष यांवरील पुस्तकांच्या बाबतीत हे निकष अपुरे पडतात, इतकेच नव्हे तर दिशाभूल करतात, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. संस्काराच्या नावाखाली सोशिक, कष्टाळू, क्षमाशील गुलाम निवडला जातो. वयाच्या नावाखाली त्याला गुलाम करणारा माणूस गोष्टीतून वगळला जातो.

या संदर्भात अमेरिकेतील एक प्रकरण पाहण्याजोगे आहे. 'अ बर्थडे केक फॉर जॉर्ज वॉशिंग्टन' हे चित्रपुस्तक स्कोलॅस्टिक या प्रकाशनसंस्थेने जानेवारी २०१६ मध्ये, प्रसिद्धीनंतर अवघ्या काही दिवसांत, मागे घेतले. राष्ट्राध्यक्षांचा वाढदिवस, घरातली संपलेली साखर आणि त्यातून वाट काढणारे हसतमुख आचारी हर्क्युलिस व त्याची मुलगी डेलिया, असे त्याचे कथानक. हर्क्युलिस हा वॉशिंग्टन यांच्या मालकीचा गुलाम होता. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याप्रमाणे तेथे सलग सहा महिने राहिलेल्या गुलामास स्वातंत्र्य मागता येत असे. म्हणून फिलाडेल्फियातील आपल्या गुलामांना वॉशिंग्टन मुदत भरण्यापूर्वीच राज्याबाहेर पाठवीत. २२ फेब्रुवारी १७९७ रोजी, म्हणजे नेमक्या धन्याच्या वाढदिवशी, हर्क्युलिस माउंट व्हर्ननहून पळून गेला. त्याच वर्षी तेथे आलेल्या, पुढे फ्रान्सचा राजा झालेल्या लुई फिलिपच्या रोजनिशीत एक नोंद आहे. वडील दुरावल्याचे दुःख होत असेल ना, असे विचारले असता हर्क्युलिसच्या लहानग्या मुलीने, ते आता स्वतंत्र झाले याचा आपल्याला आनंदच आहे, असे सांगितले. पुस्तकात या पलायनाचा उल्लेख आहे, पण तो अखेरच्या टिपणात. टिपणे मोठी माणसे वाचतात. मूल चित्रे पाहते. खरी बालकथा त्या मुलीच्या उत्तरात होती आणि पुस्तकाने केक निवडला!

वयोमानाचा प्रश्न खोटा आहे, असे मात्र नव्हे. आठ वर्षांच्या मुलापुढे चाबकाची वर्णने मांडण्यात काही शहाणपण नाही. परंतु क्रौर्याचे प्रदर्शन टाळणे आणि अन्याय झाकणे या भिन्न गोष्टी आहेत. मिल्ड्रेड टेलर यांची 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' (१९७६) ही कादंबरी याचा उत्तम दाखला ठरावी. काळ १९३३चा, स्थळ मिसिसिपी. काळ्या मुलांच्या शाळेत जुनी, फाटकी पुस्तके वाटली जातात. आतल्या पानावर पुस्तकाची दरवर्षीची अवस्था आणि ते वापरणाऱ्या मुलाचा वंश यांचा तक्ता आहे. गोऱ्या मुलांनी वापरून पार निकामी केलेले पुस्तक शेवटच्या ओळीत काळ्या मुलाच्या वाट्याला येते. तो तक्ता वाचून सहा वर्षांचा मुलगा पुस्तक फेकून देतो. या प्रसंगात रक्ताचा थेंब नाही. तरीही वर्णद्वेष ही एक व्यवस्था आहे, तिला कागद, शिक्का आणि रकाने असतात, हे कोणत्याही मुलाला कळावे.

मराठी वाचकाची या विषयाशी पहिली ओळख बहुधा वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' (१९८१) या चरित्रामुळे होते. या पुस्तकाचे ऋण कोणी नाकारू नये. कार्व्हर स्वभावानेच मृदू आणि संघर्षापासून दूर राहणारे होते, हा दोष चरित्रकाराचा नव्हे. तक्रार आहे ती आपल्या अध्यापनाबद्दल. बक्षीस समारंभात हे पुस्तक देताना आपण 'प्रतिकूल परिस्थितीवर मात' असे म्हणतो आणि गुलामगिरी दुष्काळासारखी, कर्त्यावाचून आलेली आपत्ती होऊन बसते. तान्ह्या कार्व्हरला पळवून नेण्यात आले, तो एका घोड्याच्या मोबदल्यात परत मिळाला, हे विद्यार्थ्यांना पाठ असते. त्याच्या आईचा, मेरीचा, पुढे पत्ताच लागला नाही, याकडे किती शिक्षक लक्ष वेधतात? अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील लोकांना 'गुलामगिरी' (१८७३) अर्पण करणाऱ्या जोतीराव फुले यांनी आपल्याकडील दास्याचा कर्ता कधी झाकला नाही. त्या परंपरेत वाढलेल्या अध्यापकांनी कार्व्हरसोबत टेलर यांच्यासारखे एखादे पुस्तकही मुलांच्या हाती द्यावे, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

अनुवाद करू इच्छिणाऱ्यांसाठी भाषेचाही एक प्रश्न आहे. मराठी मुलाला 'गुलाम' भेटतो तो प्रथम पत्त्यांच्या जोडात. घरातली आजीही नातवाला लाडाने 'गुलाम कुठला' म्हणते. शब्द बोथट झालेला आहे. इंग्रजीत अलीकडे 'स्लेव्ह'ऐवजी 'एन्स्लेव्ड पर्सन' म्हणण्याकडे कल आहे. काहींना तो निव्वळ सोवळेपणा वाटतो. बालवाचकासाठी मात्र 'गुलाम' याऐवजी निदान पहिल्या उल्लेखात 'गुलाम केलेला माणूस' असे लिहावे. वाक्य लांबते, हे मान्य; पण 'कोणी केलेला?' हा प्रश्न मुलाला त्या शब्दांतूनच सुचतो.