घोरणाऱ्याला विचारणार कोण?

वयाची तिशी ओलांडलेल्यांची माहिती घेण्यासाठी आशा कार्यकर्ती घरोघरी एक छापील तक्ता घेऊन जाते. राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमातला हा तक्ता चांगलाच चौकस आहे. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घराण्यातला मधुमेह, चुलीचे इंधन, दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, तोंड उघडताना होणारा त्रास, इतकेच काय मनाची उदासी, हे सारे तो विचारतो. रात्री झोपेत श्वास अडतो का, एवढे मात्र विचारत नाही.

ही चूक अनवधानाची म्हणून सोडून देता येत नाही. मुंबईतील हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या ६५८ निरोगी समजल्या जाणाऱ्या पुरुषांचा अभ्यास केला होता. त्यांतील सुमारे साडेसात टक्के पुरुषांना दिवसाच्या गुंगीसह स्लीप ॲप्निया असावा, असा त्याचा निष्कर्ष २००४ मध्येच प्रसिद्ध झाला. पुढे २०२३ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’मधील संशोधकांनी देशभरातील अभ्यास एकत्र करून अंदाज मांडला: कामकरी वयाच्या सुमारे १० कोटी ४० लाख भारतीयांना हा विकार आहे आणि त्यांपैकी ४ कोटी ७० लाखांचा विकार मध्यम वा तीव्र आहे. दरम्यान २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी मृत्यूचे कारण सांगताना याच विकाराचे नाव घेतले. दोन दिवस वृत्तवाहिन्यांवर हा शब्द फिरला. नंतर चर्चा त्यांच्या सोन्याच्या साखळ्यांकडे वळली.

विकाराची यंत्रणा गूढ नाही. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, श्वासमार्ग मिटतो, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू दचकून शरीराला क्षणभर जागे करतो. तीव्र विकारात हे तासाला तीस वा अधिक वेळा घडते. दचकण्याच्या प्रत्येक वेळी रक्तदाब उसळतो. सकाळी रुग्णाला यातले काहीच आठवत नाही. साक्षीदार एकच: शेजारी झोपणारी व्यक्ती. आणि आपल्याकडे घोरणे म्हणजे गाढ झोपेची पावती! कुंभकर्णाच्या नावाने थट्टा करून घर मोकळे होते, आणि पत्नीने पाहिलेला अडलेला श्वास दवाखान्याच्या केसपेपरपर्यंत पोहोचत नाही.

विरोधकांच्या हाती एक वजनदार कागद आहे, हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२२ मध्ये सांगितले की, लक्षणे नसलेल्या किंवा लक्षणे न ओळखलेल्या सर्वसाधारण प्रौढांची सरसकट तपासणी करावी की करू नये, हे ठरवण्याइतका पुरावा नाही. २०१६ च्या ‘सेव्ह’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत भारतीय रुग्णही होते. हृदयविकार वा पक्षाघात आधीच असलेल्यांमध्ये सीपॅप यंत्राने पुढचे झटके कमी झाले नाहीत. पण कागद पुरता वाचायला हवा. त्या रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच वापरले होते, आणि तरीही त्यांची दिवसाची गुंगी, मनःस्थिती व जीवनमान सुधारले होते. ‘पुरावा अपुरा’ याचा अर्थ ‘विचारू नका’ असा लावणे ही शास्त्रीय सावधगिरी नसून प्रशासकीय सोय आहे.

शिवाय इथे मागणी सरसकट तपासणीची नाहीच. तीन गोळ्या घेऊनही ज्याचा रक्तदाब खाली येत नाही, तो मनुष्य आरोग्य केंद्रात दर महिन्याला येऊन बसतोच. त्याला आणि त्याच्या घरच्यांना घोरण्याविषयी, अडणाऱ्या श्वासाविषयी, दिवसा लागणाऱ्या डुलक्यांविषयी विचारायचे आहे. कमरेचा घेर मोजणारी टेप गळ्याभोवतीही फिरते. टोरंटोत तयार झालेली ‘स्टॉप-बँग’ प्रश्नावली मात्र जशीच्या तशी उचलून चालणार नाही. तिच्यात लठ्ठपणाची रेषा देहभार निर्देशांक ३५ वर आहे. भारतीयांसाठी तज्ज्ञ ती २५ वरच धरतात. पुरुष असल्याचाही तिच्यात एक गुण मिळतो. सकाळची डोकेदुखी, तुटक झोप आणि सततचा थकवा सांगणारी स्त्री अशा मोजणीतून निसटते. कित्येकदा तिला झोपेची गोळी लिहून दिली जाते, आणि अशा काही गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात.

‘उपचाराची सोय नाही, मग शोधायचे कशाला?’ हा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि खरी विषमता इथेच उघडी पडते. केंद्रीय कर्मचारी आरोग्य योजनेत सीपॅपच्या खर्चाची प्रतिपूर्ती मिळते. गरिबांसाठीची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल झालेल्यांची. घरी उशाशी ठेवायचे यंत्र तिच्या चौकटीत बसत नाही. म्हणजे दिल्लीतील निवृत्त सचिवाला श्वास आणि त्याच्या गाडीच्या कंत्राटी चालकाला थट्टा. हा अन्याय रुग्णच न शोधल्याने मिटत नाही, फक्त दिसेनासा होतो. यंत्र मिळेपर्यंतही वजन उतरवणे, रात्रीची दारू सोडणे, कुशीवर झोपणे, चुकीची गोळी थांबवणे एवढे तरी प्राथमिक केंद्रातला डॉक्टर सांगू शकतो. त्यासाठी निदानाची शंका आधी यावी लागते.

चालकांची गोष्ट तर आणखी विचित्र. वाहन परवान्यासाठीच्या स्वयंघोषणेत अपस्मार, भोवळ, रातांधळेपणा यांची चौकशी आहे. रात्रभर मालट्रक हाकणाऱ्याला स्टिअरिंगवर डुलकी येते का, हे तिथेही विचारलेले नाही. महामार्गावर अपघात झाला की ‘चालकाचा डोळा लागला’ अशी नोंद होते आणि तपास तिथेच थांबतो.