फोली-व्हॅन डॅम: वाचावं की रद्दीत द्यावं?

ग्राफिक्स शिकायला निघालेला माणूस कधी ना कधी हे विचारतोच: फोली, व्हॅन डॅम, फायनर आणि ह्यूज यांचा १९९० सालचा तो ठोकळा आजही वाचायचा का? अकराशेहून जास्त पानं, म्हणजे कितीतरी शनिवार-रविवार गेले. माझं मत विचाराल तर वाचा, पण सगळा नको.

दुसरं प्रकरण एसआरजीपीवर, सातवं एसपीएचआयजीएसवर. या लायब्रऱ्या आज कोण वापरतं? सरळ पुढे जा. चौथ्यातलं हार्डवेअर इतिहास म्हणून ठीक. आजच्या जीपीयूसाठी शेडर कसे लिहायचे, हे तर तिथे शोधूच नका.

पण पाचवं आणि सहावं प्रकरण, म्हणजे ट्रान्सफॉर्मेशन्स आणि थ्रीडी व्ह्यूइंग, कागद-पेन घेऊन वाचा. का? समजा, सीनमधल्या लांबच्या दोन भिंती लुकलुकतायत. नेटवर उत्तर मिळतं: निअर प्लेन कॅमेऱ्यापासून लांब न्या. ०.००१ चं ०.१ केलं की बऱ्याचदा काम भागतं. पण का भागलं? कारण पर्स्पेक्टिव्हच्या भागाकारात डेप्थची बहुतेक अचूकता कॅमेऱ्याजवळच खर्च होते. हे कळलं असेल, तर पुढचा प्रोजेक्ट मीटरऐवजी मिलिमीटरमध्ये आला तरी अडत नाही. नाहीतर पुन्हा आकडे बदलत बसा!

नवं विकतच घ्यायचं असेल तर २०१३ ची तिसरी आवृत्ती घ्या. जुनी कॉलेजच्या लायब्ररीत दिसली, तर ती दोन प्रकरणं तरी नक्की वाचा. बघा पटतंय का.