खांदेरीचं दीपगृह फ्रेमबाहेर का?

खांदेरीच्या रील्समध्ये तटबंदी असते, तोफा असतात, मागे पोवाडा वाजतो. दीपगृह मात्र सफाईनं कापलेलं. का, तर म्हणे ते इंग्रजांचं! मला हे अजिबात पटत नाही. १६७९मध्ये शिवरायांनी इथं किल्ला बांधायला घेतला तो मुंबईच्या तोंडावर नजर ठेवायला. इंग्रजांनी आरमार आणून अडवलं, तरी काम थांबलं नाही. पुढे १८६७मध्ये त्याच बेटावर इंग्रजांनी दिवा लावला, मुंबईकडे येणाऱ्या जहाजांसाठी. म्हणजे महाराजांनी हेरलेल्या जागेचं मोल त्यांनाही कळलं होतं. ही गोष्ट लपवायची कशाला? २०२५मध्ये किल्ला युनेस्कोच्या यादीत गेला, छानच झालं. पण तोफा कधीच्या गार झाल्यात. अंधारात थळच्या कोळ्याचा जीपीएस बंद पडला, तर तुमचा ड्रोन शॉट त्याच्या काय कामाचा?